नौकेच्या पोटात बॅटरीची जागा

लोडशेडिंगच्या वर्षांत जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या घराघरांत इन्व्हर्टर आले आणि त्यांच्या जोडीला पन्नास-साठ किलोची ट्यूब्युलर बॅटरीही आली. ती ठेवायची कुठे, याचा निकाल बहुतेक ठिकाणी पाच मिनिटांत लागला. मंचरच्या बंगल्यात जिन्याखाली, नारायणगावच्या दुकानात गल्ल्यामागे, ओतूरकडच्या पोल्ट्रीत खाद्याच्या खोलीत. पावसाचे पाणी लागू नये, पोरांचा हात पोचू नये आणि बोर्डापर्यंतची वायर फार लांबू नये, एवढे पाहिले की झाले. वर्षातून काही वेळा डिस्टिल्ड वॉटर घालायचे, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुवायची आणि विसरून जायचे.

हीच बॅटरी लांब पल्ल्याच्या शिडाच्या नौकेत बसवायची म्हटले की अनुभवी बांधणाराही कागद-पेन्सिल घेऊन बसतो. घर स्थिर असते. नौका वाऱ्याच्या दाबाने एका अंगावर वीस-पंचवीस अंश कलते आणि आठवडेच्या आठवडे तशीच चालते. तळाशी पाणी साचते, हवेत मीठ असते, इंजिनाशेजारी भट्टी असते. आणि दक्षिण महासागरासारख्या ठिकाणी क्वचित का होईना, पण लाट अख्खी नौका उलटी करून पुन्हा सुलटी करते.

जुन्नरचा माल दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत जात होता. आजच्या जगप्रवासी नौकांचा धागाही त्याच किनाऱ्याशी जुळलेला आहे, आणि तो बऱ्याच मराठी वाचकांना ठाऊक नसतो. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ज्या नौकेतून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदा पूर्ण केली, ती ३२ फुटी ‘सुहैली’ मुंबईत सागवानात बांधलेली होती. १४ जून १९६८ रोजी ते इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाले आणि २२ एप्रिल १९६९ रोजी परतले. हा प्रवास ‘गोल्डन ग्लोब’ नावाच्या शर्यतीचा भाग होता आणि तीत नऊ जण उतरले होते. पुरी करणारे ते एकटेच.

‘सुहैली’वर विजेची गरज थोडी होती. रेडिओ, दिवे आणि इंजिन सुरू करणे, एवढीच. तरीही बॅटरीने नॉक्स-जॉन्स्टन यांना चांगलेच छळले. केप ऑफ गुड होपच्या परिसरात, खवळलेल्या समुद्रात, ते बॅटरीतल्या ॲसिडची घनता तपासत होते. नौकेने हिसका दिला आणि ॲसिड डोळ्यात उडाले. आसपास ना बंदर, ना डॉक्टर. पाण्याने डोळा धुऊन पुढे जायचे की प्रवास सोडून किनारा गाठायचा, असा प्रश्न उभा राहिला. ते पुढे गेले. डोळा सुदैवाने वाचला. बॅटरी कुठे ठेवली यापेक्षा तिच्यापर्यंत माणूस कोणत्या अवस्थेत पोचतो, हा प्रश्न किती मोठा असतो ते या एका प्रसंगात दिसते. दोन्ही हात मोकळे राहतील, पाठ कशाला तरी टेकवता येईल आणि चेहरा थेट बॅटरीवर वाकवावा लागणार नाही, अशी जागा नौकेत फार थोडी असते.

पुढचा धागा गोव्यात. भारतीय नौदलाने ‘सागर परिक्रमा’ हा प्रकल्प हाती घेतला तो व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली आणि २००९च्या फेब्रुवारीत नौदलात दाखल झाली. कमांडर दिलीप दोंदे त्याच वर्षी १९ ऑगस्टला मुंबईहून निघाले आणि २०१०च्या मे महिन्यात परतले. चार बंदरांत थांबत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३मध्ये तीच ‘म्हादेई’ कुठेही न थांबवता फिरवून आणली. तिची भगिनी ‘तारिणी’ २०१७मध्ये आली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून २०१७-१८मध्ये पृथ्वीला फेरी मारली. २ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच ‘तारिणी’ घेऊन गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी परत आल्या.

अशा नौकेवर विजेवाचून पान हलत नाही. दिशा धरून ठेवणारा ऑटोपायलट, उपग्रह संपर्क, रडार, नकाशाचा पडदा, जहाजांना आपली ओळख सांगणारे एआयएस यंत्र, रात्रीचे दिवे. मध्यम आकाराच्या नौकेचा साधा हिशेब करून पाहता येतो. ऑटोपायलट सरासरी चार अँपिअर घेतो असे धरले तर दिवसाचे ९६ अँपिअर-तास. दिशादर्शक यंत्रांचे ३५-४०, छोट्या फ्रिजचे ५० आणि किरकोळ दहा. बेरीज दोनशेच्या घरात. साध्या शिसे-आम्ल बॅटरीचा निम्म्याहून जास्त रस काढला की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून एका दिवसाला पुरेल इतका साठा ठेवायचा तर १०० अँपिअर-तासाच्या चार बॅटऱ्या लागतात. एकीचे वजन २५ ते ३० किलो. म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास वजन, ॲसिडने भरलेले, जे कुठेतरी ठेवायचे आहे. दोन दिवसांचा साठा हवा असेल तर अडीचशे.

सगळ्या गरजा एका जागी पुऱ्या करणारा कप्पा नौकेत नसतो. वजनाला हवी असते तळाची, मधली जागा. पाण्यापासून वाचायचे तर वर जावे लागते. केबलीला इंजिनाची सोबत हवी, आयुष्याला इंजिनापासून लांबची गार जागा. बॅटरीची जागा निवडणे म्हणजे कोणता धोका आधी टाळायचा याचा क्रम लावणे, आणि बहुतेक चुका हा क्रम उलटा लावल्यामुळे होतात. जागा मोकळी दिसली, बॅटरी बसली, झाकण लागले, की काम झाले असे मानले जाते.

वजनापासून सुरुवात करू. बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. माल पुढे जास्त झाला तर गाडी धुरजड होऊन बैलांच्या मानेवर येते, मागे जास्त झाला तर उलाळ होते. नौकेचेही तसेच, फक्त तिथे चार दिशा सांभाळाव्या लागतात. १० टनांच्या एखाद्या नौकेत २०० किलोच्या बॅटऱ्या मध्यरेषेवरून दोन मीटर बाजूला सरकवल्या तर ती नांगरावर उभी असतानाच साधारण दोन अंश कलून राहते. दोन अंश ऐकायला किरकोळ वाटतात. स्वयंपाकाच्या ओट्यावर अंडे ठेवून पाहावे. पुढे-मागे ठेवण्याचा परिणाम त्याहून फसवा आहे. लाटेवर नौकेचे नाक वर-खाली होते तेव्हा एखादे वजन त्या हालचालीला किती आडवे येते हे मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गावर ठरते. मध्यापासून एक मीटरवर असलेली बॅटरी पाच मीटरवर, नाळेत (नौकेच्या पुढच्या टोकाला) नेऊन ठेवली, तर तोच बोजा पंचवीसपट जाणवतो. नाळ लाटेवर उचलली जाण्याऐवजी लाटेत घुसते. म्हणून नाळेतली ती सुटसुटीत, रिकामी जागा पाहून मोह होतो तिथेच हात आवरावा लागतो.

वजनाच्या हिशेबाने उत्तम जागा म्हणजे कीलच्या, म्हणजे तळाच्या कण्याच्या अगदी वर, मधल्या दालनाच्या फळीखाली. पण नौकेत शिरलेला प्रत्येक थेंब शेवटी तिथेच जमतो. एखादी नळी निसटली, एखादी झडप तुटली, की आधी बुडते ती तळातली बॅटरी. ती बुडाली की पंप थांबतो, आणि पंप थांबला की उरलेली नौकाही बुडायला लागते. समुद्राचे पाणी टर्मिनलांवर आले की विजेने त्याचे विघटन होऊन क्लोरिन तयार होतो. पाणबुड्यांच्या इतिहासात या वायूची धास्ती जुनीच आहे. तो हवेच्या जवळजवळ अडीचपट जड. म्हणजे खाली बसतो, नेमका झोपलेल्या माणसाच्या उंचीवर.

मोठ्या जहाजांनी हा प्रश्न नियमाने सोडवला. सागरी सुरक्षेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार आपत्कालीन विजेचा स्रोत सर्वांत वरच्या सलग डेकच्याही वर असावा लागतो. शिडाच्या नौकेत डेकवर जागा नसते, पण तत्त्व उचलता येते. मुख्य साठा खाली, दालनाच्या बाकांखाली, तळाशी साचणाऱ्या पाण्यापासून वीत-दोन वीत उंच. आणि रेडिओ व दिशादर्शक दिव्यांपुरती एक लहान, वेगळी बॅटरी छताजवळ. पाच-सात किलो वजन वर गेल्याने स्थैर्याला धक्का लागत नाही. अडचणीच्या वेळी मात्र ‘आम्ही इथे आहोत’ हे सांगण्याची सोय उरते.

ही सोय कशी मोलाची ठरते याचे उदाहरण २०१८चे. नॉक्स-जॉन्स्टन यांच्या प्रवासाला पन्नास वर्षे झाली म्हणून भरवलेल्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत अभिलाष टॉमी ‘थुरिया’ घेऊन उतरले. ही नौका म्हणजे ‘सुहैली’ची प्रतिकृती, तीही दांडेकरांच्याच हातची. शर्यतीची अट अशी की १९६८मध्ये उपलब्ध असलेल्याच साधनांवर नौका चालवायची. उपग्रहावरून दिशा पाहायची नाही, विजेचा ऑटोपायलट नाही. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, वादळात ‘थुरिया’ लोळली. डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या मणक्याला जबर इजा झाली. सुरक्षेसाठी ठेवलेला मुख्य उपग्रह फोन बिघडला. दुसरा फोन आणि हातातला व्हीएचएफ रेडिओ आपत्कालीन पिशवीत होते, पण पाठीमुळे त्यांना पिशवीपर्यंत सरकता येत नव्हते. त्यांचे शब्द बाहेर पोचवले ते मजकूर पाठवणाऱ्या एका छोट्या यंत्राने. नौदलाच्या विमानाने नौका हुडकली आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती नौकेने त्यांना उचलले. हाच माणूस २०२२च्या शर्यतीत पुन्हा उतरला आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरा आला, हे इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नौका लोळते तेव्हा आतल्या प्रत्येक सुट्या वस्तूचा दगड होतो. तीस किलोची बॅटरी कप्प्याचे झाकण फोडून बाहेर आली तर माणूस मरू शकतो, आणि नाही मेला तरी ॲसिड सगळीकडे. म्हणून खुल्या समुद्रावरच्या शर्यतींच्या नियमांत बॅटरीसारख्या जड वस्तू नौका पूर्ण उलटी झाली तरी जागेवरच राहतील अशा जखडाव्या लागतात, आणि बॅटऱ्याही ज्यातून द्रव बाहेर सांडू शकणार नाही अशाच, सीलबंद जातीच्या वापराव्या लागतात. अमेरिकेतल्या नौकाबांधणीच्या प्रचलित मानकात मोजमापच दिले आहे: बॅटरीवर ९० पौंडांची, म्हणजे सुमारे ४१ किलोची ओढ मिनिटभर दिली (हलक्या बॅटरीला तिच्या वजनाच्या दुप्पट), तरी ती एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये.

कागदावर ठीक. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी कमतरता असते ती तळाला. पट्टा दणकट असतो, पण तो पातळ प्लायवुडमध्ये दोन स्क्रूंवर अडकवलेला असतो. स्क्रू उपटले जातात, पट्टा शाबूत राहतो. पट्ट्याची टोके नौकेच्या आडव्या पाटांना आरपार बोल्टने, मागे धातूची पट्टी देऊन बांधावी लागतात. नायलॉनचा पट्टा ओला झाला की ताणतो, तेव्हा पॉलिएस्टरचा घ्यावा. माझ्या मते ‘जागा कोणती’ या प्रश्नाचा निम्मा निकाल इथेच लागतो: जिथे असा आरपार बोल्ट मारता येत नाही, ती जागा बाद. मग ती कितीही तळाची आणि मधली असो.

आता वायूकडे. शिसे-आम्ल बॅटरी भरत आली की पुढची वीज पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन करण्यात जाते. घरच्या बॅटरीतले पाणी उन्हाळ्यात लवकर उतरते ते यामुळेच. हवेत हायड्रोजन चार टक्क्यांवर गेला की ठिणगी पुरते. एका अँपिअर-तासाच्या जादा चार्जिंगमागे बारा व्होल्टची बॅटरी, म्हणजे सहा सेल मिळून, साधारण अडीच लिटर हायड्रोजन सोडते. चार्जर बिघडला आणि दहा अँपिअर तासभर जास्त गेले, तर पंचवीस लिटर. झोपण्याच्या फळीखालचा बंद कप्पा सहाशे लिटरचा असेल, तर चार टक्क्यांची रेषा तेवढ्यात ओलांडली जाते. सीलबंद बॅटरीत हे वायू आतल्या आत पुन्हा पाणी होतात, पण चार्जरने मर्यादा सोडली तर तिचीही झडप उघडते. हायड्रोजन हवेपेक्षा चौदापट हलका. म्हणजे वायुवीजनाची नळी कप्प्याच्या सर्वांत वरच्या कोपऱ्यातून निघून चढतच बाहेर गेली पाहिजे. मध्ये एक जरी खोलगट वाक आला तर तिथे पाणी साचून वाट बंद. क्लोरिन खाली बसतो आणि हायड्रोजन छताला जातो, तेव्हा एकाच कप्प्याला दोन उलट स्वभावांचे पाहुणे धरून चालावे लागते.

पाणबुड्यांना शेकडो टन बॅटऱ्यांसोबत राहावे लागते, म्हणून तिथे हा विषय पुस्तकी राहत नाही. फेब्रुवारी २०१०मध्ये विशाखापट्टणम येथे ‘सिंधुरक्षक’वर बॅटरीच्या कप्प्यात हायड्रोजन साचून झालेल्या आगीत एका नौसैनिकाचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०१४मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात ‘सिंधुरत्न’वर बॅटरीच्या भागात धूर झाला आणि दोन अधिकारी गेले. शिडाच्या नौकेतला साठा याच्या तुलनेत चिमूटभर, पण तो माणसाच्या उशाशी असतो.

केबलीचा मुद्दा घोड आणि कुकडीच्या काठच्या शेतकऱ्याला सर्वांत लवकर कळेल. नदीवरची मोटार डीपीपासून लांब पडली, वायर बारीक राहिली, की मोटार नुसती घुमते, पाणी उचलत नाही आणि शेवटी जळते. तिथे निदान २३० किंवा ४१५ व्होल्ट असतात. नौकेवर बारा. हजार वॉटचे काम २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरमध्ये होते, बाराला ८० अँपिअरहून जास्त लागतात. नांगर ओढणारे विद्युत रहाट नाळेत असते आणि ते जोर लावताना शंभर अँपिअर सहज खेचते. ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घेतली आणि बॅटरी चार मीटरवर असली, तर जाण्या-येण्याच्या आठ मीटरमध्ये सुमारे ०.४ व्होल्ट गळतात. बॅटरी दहा मीटरवर, पिछाडीला असली, तर जवळजवळ एक व्होल्ट. बारातला एक व्होल्ट म्हणजे आठ टक्के. मग काही जण रहाटापुरती वेगळी बॅटरी नाळेत ठेवतात आणि वजनाचा वर सांगितलेला पंचवीसपट दंड भरतात. दुप्पट जाडीची केबल ओढणे महाग पडते, पण बहुतेक नौकांना तेच मानवते. तांब्याचे वजन लांबीभर वाटले जाते, बॅटरीचे एकाच टोकाला बसते.

फ्यूज कुठे असावा याबाबत मात्र तडजोड नको. बॅटरीची दोन टोके पान्याने जोडली गेली तर हजारो अँपिअर वाहतात आणि पाना लाल होतो. फ्यूजच्या अलीकडची केबल कुठे घासून उघडी पडली तर तिला वाचवणारे कोणी नसते. म्हणून अमेरिकन मानकात फ्यूज बॅटरीपासून सात इंचांच्या आत बसवायला सांगितला आहे. केबल स्वतंत्र आवरणातून नेली तरच अंतर वाढवायची मुभा मिळते. बॅटरीचा खोका निवडताना फ्यूजला जागा उरते का, हे आधी पाहावे. उरत नसेल तर तो फ्यूज पुढे ‘सोयीच्या’ ठिकाणी, दोन मीटरवर जातो.

केबलीला जवळचे म्हणून इंजिनाची खोली निवडली, तर तिथे उष्णता आडवी येते. शिसे-आम्ल बॅटरी २५ अंशांसाठी बनवलेली असते आणि त्यापुढे दर आठ-दहा अंशांना तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. कोकण-गोव्याच्या मे महिन्यात, इंजिन चालू असताना त्या खोलीत ५० अंश सहज होतात. इंजिन सुरू करण्यापुरती एक छोटी बॅटरी तिथे ठेवावी, कारण स्टार्टरला क्षणभर प्रचंड प्रवाह लागतो आणि तिथे केबल आखूडच हवी. दिवे आणि यंत्रांसाठीचा मुख्य साठा मात्र बाहेर. दोन्ही वेगळ्या राहिल्या की आणखी एक लाभ: रात्रभर दिवे जळून मुख्य बॅटरी उतरली, तरी सकाळी इंजिन सुरू होते.

दोन गोष्टी जागा ठरवताना हमखास विसरल्या जातात. दोन्हींची गोष्ट आपल्याकडे आहे. पहिली होकायंत्राची. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या प्रवाहाने मोजमाप बिघडेल म्हणून हे काम अलिबागला हलवले गेले आणि १९०४पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. नौकेतली पन्नास अँपिअरची एकटी तार होकायंत्रापासून एक मीटरवरून गेली, तर ती महाराष्ट्रातल्या पृथ्वीच्या आडव्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण चौथाईएवढे क्षेत्र निर्माण करते. सुई दहा-चौदा अंश फिरू शकते, तीही फक्त चार्जिंग चालू असताना, म्हणजे कारण सापडणे मुश्कील. जाणारी आणि येणारी तार एकमेकींना चिकटवून, पीळ देऊन नेली की दोघींचे क्षेत्र परस्परांना मारते. सुकाण्याच्या जागेखाली, होकायंत्राच्या पायथ्याशी बॅटरी ठेवणाऱ्याने हे आधी करावे.

दुसरी रेडिओच्या खरखरीची. जुन्नर तालुक्यात खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. आकाशातून येणारे अतिक्षीण संकेत ऐकायचे तर आसपास विद्युत गोंगाट नको, म्हणून शहरांपासून दूर, डोंगरांच्या आडोशाची ही जागा निवडली गेली. तिच्या मूळच्या वारंवारतांपैकी एक १५० मेगाहर्ट्झच्या आसपासची. नौकांची संकटवाहिनी, सोळा नंबरची, १५६.८ मेगाहर्ट्झवर. हलक्या दर्जाचे इन्व्हर्टर आणि सौर चार्जर याच पट्ट्यांत खरखर ओततात. बॅटरी रेडिओशेजारी ठेवली की चार्जर आणि इन्व्हर्टरही तिथेच येतात, आणि दूरच्या जहाजाचा क्षीण आवाज त्या खरखरीत बुडतो.

लिथियमने हा सगळा हिशेब हलवला आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची १०० अँपिअर-तासाची बॅटरी बारा किलोच्या आसपास भरते आणि तिचा ऐंशी टक्के साठा वापरता येतो. वर काढलेले सव्वाशे किलोचे ओझे तिशीत येते. वजन घटले की जागेची बंधने सैल होतात; बाकाखालून उठून ती कोरड्या, उंच फळीवर जाऊ शकते. नेहमीच्या चार्जिंगमध्ये ती हायड्रोजनही सोडत नाही. धोका मात्र वेगळ्या जातीचा येतो. मार्च २०२२मध्ये पुण्यातल्या लोहगावात उभी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली, आणि लोक सगळ्याच लिथियमकडे संशयाने पाहू लागले. फॉस्फेट जातीची रसायने स्कूटरमध्ये तेव्हा सर्रास असलेल्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीपेक्षा बरीच शांत असतात, तरी तीही झोपायच्या फळीखाली ठेवू नये हे बरे. शून्य अंशाखाली त्यांना चार्ज करता येत नाही. शिवाय आतला इलेक्ट्रॉनिक रक्षक धोका दिसताच बॅटरी क्षणात तोडून टाकतो. किनाऱ्यावर ते ठीक; वादळात ऑटोपायलट अचानक मेला तर पंचाईत. म्हणून लिथियमसोबत एक साधी शिसे-आम्ल बॅटरी ठेवण्याची पद्धत अजून टिकून आहे, आणि ती टिकावी.

केरळमधली ‘आदित्य’ ही सौर फेरी जानेवारी २०१७पासून वैकम आणि तवणक्कडवू यांच्यामध्ये ७५ प्रवाशांना नेते. दोन सांगाड्यांच्या या बोटीत ५० किलोवॉट-तासाचा, सुमारे ७०० किलोचा लिथियम साठा आहे आणि तो दोन्ही सांगाड्यांत वाटलेला आहे. समतोल राहतो, आणि एका बाजूला बिघाड झाला तरी दुसरी बाजू बोट धक्क्याला लावू शकते.

असे काही डिंभ्याच्या जलाशयात करता येईल का? घोड नदीवरच्या या धरणात जुने आंबेगाव गाव बुडाले आणि पलीकडच्या वाड्यांना पाण्यावरूनच ये-जा करायची वेळ आली. तिथे पाच-सहा मीटरच्या होडीला विजेची मोटार लावायची झाली, तर समुद्राचे बरेच नियम सैल होतात. खारे पाणी नाही, म्हणजे क्लोरिन नाही. होडी उघडी, म्हणजे हायड्रोजन साचत नाही. वजन मात्र फार कडक होते, कारण साठ किलोची बॅटरी म्हणजे एक जादा प्रवासी. मोटार मागे, नावाडीही मागे. बॅटरीही तिथेच ठेवली तर नाळ हवेत जाते आणि वाऱ्यावर होडी वळेनाशी होते. ती मधल्या फळीखाली, चढणाऱ्या-उतरणाऱ्यांचे पाय लागणार नाहीत अशा झाकणाच्या खोक्यात, तळापासून विटेच्या उंचीवर बसवावी लागेल, कारण पावसाळ्यात होडीत पाणी साचतेच. मागच्या मोटारीपर्यंत तीन मीटर जाड केबल, बॅटरीलगत फ्यूज, खोक्याला आरपार बोल्ट, आणि मुख्य स्विच नावाड्याच्या डाव्या हाताशी, म्हणजे उजवा हात सुकाण्यावर राहील.